टोकनचं वर्तुळ

टोकनदादांचं वर्तुळ वाटाण्याएवढं होतं आणि त्यांच्या साडूचं ताटाएवढं. दुखणं एवढंच होतं. पण दुखणं पोटातलं, आणि तेही साडूमुळे झालेलं, त्यामुळे ते कुणाला दाखवता येत नव्हतं. टोकनदादा एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला होते. तिथे छत्तीस डॉक्टर होते, तरी सोय नव्हती.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना टोकनदादा म्हणत, कारण तळमजल्यावरच्या मोठ्या दालनात जो पडदा लटकत होता आणि ज्यातून एक बाई गोड पण निर्विकार आवाजात ‘क्रमांक एकशे अठरा, खिडकी तीन’ असं म्हणत, ती सगळी यंत्रणा एकोणीस वर्षं दादांच्या ताब्यात होती. बाईंचा आवाज त्यांनीच निवडला होता. आधीच्या आवाजात जरा लगट होती, असं त्यांचं मत पडलं होतं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आठ वर्षांपूर्वी त्याला याच रुग्णालयाच्या संगणक विभागात चिकटवला तो दादांनीच. शब्द टाकला, साहेबांना दोनदा भेटले, ‘पोरगा कामाचा आहे’ असं छातीवर हात ठेवून सांगितलं. तेव्हा अंदाज असा होता, की हा जन्मभर उपकाराखाली वाकून राहील. तो वाकला नाही. उलट त्याच्याकडे लॉगिन आलं. रुग्णालयातला कोणताही माणूस सकाळी संगणकासमोर बसून आपलं नाव आणि पासवर्ड टाकतो, तेव्हा ‘हा आपलाच माणूस आहे, येऊ द्या आत’ असं म्हणणारं यंत्र साडू सांभाळत होता.

“म्हणजे दरवानच की,” दादा घरी म्हणायचे.

“दरवान दुसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसतो का?” बायको विचारायची.

तर अशा या शांत, सुखी जळफळाटात नकाशेबाई आल्या.

रुग्णालयाने संगणकांवर लक्ष ठेवणारं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि ते बसवणाऱ्या कंपनीने या बाईंना पाठवलं होतं. बाई चाळिशीच्या, सडपातळ, पायात आवाज न करणारे बूट. रुग्णालयात लहानमोठ्या त्रेचाळीस सेवा संगणकावर चालत होत्या: नोंदणी, रक्ततपासणीचे अहवाल, औषधांची कपाटं, दारांची कार्डं, काय वाटेल ते. त्यातली कोणती सेवा कोणाच्या जिवावर उभी आहे याचा नकाशा काढायचा, हे बाईंचं काम. त्या दर टेबलापाशी जाऊन एकच प्रश्न विचारायच्या.

“तुमचं कुणावाचून अडतं?”

“आमचं? छे! कुणावाचून नाही,” असं त्रेचाळीस जणांनी सांगितलं.

मग बाई वही मिटल्यासारखं करायच्या आणि उठता उठता विचारायच्या, “बरं, मागच्या वेळी बंद पडलं होतं, तेव्हा पहिला फोन कुणाला केला होतात?”

या दुसऱ्या प्रश्नाला माणसं खरं बोलत. फोन कुणाला केला हे आठवतंच, कारण त्याने तो उचललेला नसतो. बाई तेवढं टिपून घ्यायच्या. अशा तीन आठवडे फिरून त्यांनी नकाशा उभा केला आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात भल्यामोठ्या पडद्यावर लावला.

प्रत्येक सेवेचं एक वर्तुळ. ज्याचं अडतं त्याच्याकडून, ज्याच्यावाचून अडतं त्याच्याकडे जाणारा एक बाण. सगळं सुरळीत असलं की वर्तुळं हिरवी. एखादी सेवा पडली आणि तिच्यामुळे दहा जणी पडल्या, तर मूळची तेवढी लाल व्हायची आणि बाकीच्या दहा करड्या. करड्यांना कुणी त्रास द्यायचा नाही. त्यांच्या माणसांचे फोन वाजायचे नाहीत. फोन एकट्या लालवाल्याचा वाजायचा.

“पूर्वी एक पडलं की अकरा फोन वाजायचे आणि अकरा माणसं एकमेकांना विचारत बसायची, तुझ्याकडे काय झालंय,” बाई म्हणाल्या. “आता रडणारे गप्प बसतील आणि रडवणारा एकटा सापडेल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग बाईंनी, त्यांच्या मते एक अगदी किरकोळ गोष्ट सांगितली. ज्या वर्तुळाकडे जितके जास्त बाण येतील तितकं ते मोठं दिसेल. का, तर नजरेला सोपं जावं म्हणून.

त्या क्षणापासून दुसऱ्या मजल्यावर कुणीही हिरवं, लाल, करडं पाहिलं नाही. सगळ्यांनी आकार पाहिला.

लॉगिनकडे एकोणतीस बाण येत होते. ते वर्तुळ पडद्याच्या मधोमध, ताटासारखं. टोकनकडे एकही येत नव्हता. टोकनकडून मात्र एक बाण निघून सरळ लॉगिनच्या ताटात शिरत होता, कारण टोकनच्या यंत्रालाही सकाळी लॉगिनकडून ‘हा आपलाच आहे’ असं म्हणवून घ्यावं लागायचं. एकोणीस वर्षं तीनशे माणसांना उठवणारी-बसवणारी टोकनची यंत्रणा, ती उजव्या कोपऱ्यात, अग्निशमनाच्या घंटेखाली, वाटाण्याएवढी.

मेहुणीने त्या पडद्याचा फोटो काढून माहेरच्या गटावर टाकला. नवऱ्याच्या वर्तुळाभोवती तिने बोटाने बदामही काढला होता. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

“धाकट्या जावईबापूंचं बघितलं हो. डोळे निवले,” त्या म्हणाल्या. मग कळवळून म्हणाल्या, “आणि तो कोपऱ्यातला ठिपका तुमचा का?”

“वर्तुळ आहे ते,” दादा म्हणाले.

“हो का? मला वाटलं फोनच्या काचेला काही लागलंय. पुसत होते मघापासून.”

नुसत्या सासूबाई असत्या तर दादांनी गिळलं असतं. चोवीस वर्षांचा सराव होता. पण नियंत्रण कक्षाच्या प्रमुखाची खुर्ची गेल्या महिन्यात रिकामी झाली होती. पाठीला उशी असलेली, डोकं टेकायला जागा असलेली खुर्ची. दादांनी तिच्यावर एकदा दुपारी, कुणी नाही असं बघून, साडेतीन मिनिटं बसूनही घेतलं होतं. संगणक विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी जाहीर केलं होतं, की महिनाअखेरीस त्या खुर्चीवर खात्यातलाच कुणीतरी बसेल. कोण, ते ‘नकाशा बघून ठरवू.’

आता नकाशा बघून वाटाण्याला खुर्ची कोण देणार?

दादा चार दिवस झोपले नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. ते उत्तम झोपले. पण जागेपणी मात्र त्यांना चैन नव्हतं. चहा घ्यायला निघाले की पाय आपोआप बोळाकडे वळायचे. लॉगिनच्या वर्तुळाचा हिरवा रंगही त्यांना जरा जास्तच हिरवा वाटायला लागला. साडू भेटला की म्हणायचा, “काय दादा, बरं आहे ना?” त्यातल्या ‘बरं’वर तो जोर देतो, असा दादांचा पक्का समज झाला.

आणि पाचव्या दिवशी त्यांना तो फॉर्म सापडला.

नकाशा चुकला असेल तर दुरुस्त करता यावा म्हणून बाईंनी सोय ठेवली होती. कोणत्याही सेवेच्या माणसाने नवा बाण सुचवायचा, खाली कारण लिहायचं. समोरच्याला आपोआप मेल जायचा. त्याने मान्य म्हणावं, नाहीतर हरकत घ्यावी. आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: तीन दिवसांत हरकत न आल्यास बाण मान्य समजला जाईल.

दादांनी ती ओळ तीनदा वाचली. रुग्णालयात मेल कोण वाचतं, हे त्यांना एकोणीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी स्वतः मागच्या वर्षी ‘माझा राजीनामा’ असा मथळा टाकून एक मेल सगळ्या खात्याला चुकून पाठवला होता. आत गच्चीवरच्या गळतीचा फोटो होता. कुणी अडवलंही नाही आणि गळतीही थांबली नाही.

पहिला बाण त्यांनी औषधांच्या खिडकीचा काढला. कारण: ‘नंबर पुकारल्याशिवाय माणूस खिडकीशी येत नाही, माणूस आल्याशिवाय औषध दिलं जात नाही, सबब औषध खिडकी टोकनवर अवलंबून आहे.’ लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि त्यांना ते पटलं. हीच पंचाईत असते. खोटं लिहिणारा माणूस सावध राहतो. स्वतःला पटवून लिहिणाऱ्याला धरबंध राहत नाही.

दुसरा बाण रक्त घेण्याच्या खोलीचा. तिसरा क्ष-किरण खोलीचा. चौथा नोंदणीचा. पाचवा दारांच्या कार्डांचा, कारण ‘नंबर नसेल तर गर्दी दारावर येईल.’ आठवा बाण उद्वाहनाचा, म्हणजे लिफ्टचा होता आणि त्याचं कारण इतकं लांबलचक होतं, की फॉर्मने ते अर्ध्यावर तोडलं.

तीन-तीन दिवस गेले. कुणीही हरकत घेतली नाही. वाटाणा लिंबाएवढा झाला, लिंबाचं संत्रं झालं. बोळातून जाणारे लोक थबकायला लागले.

“टोकनदादा, बाळसं धरलंय हो तुमच्या टोकनने!” क्ष-किरणवाला म्हणाला. त्याचाच बाण त्यात होता, पण ते त्याला माहीत नव्हतं.

“काय करणार,” दादा म्हणाले. “जबाबदारी आहे. आजवर दिसत नव्हती, एवढंच.”

मोठ्या बाई एकदा पडद्यासमोर मिनिटभर उभ्या राहून गेल्या. दादांनी ते मिनिट घड्याळावर मोजलं.

पण दहा बाण झाले तरी मधलं ताट ताटच होतं. आणि टोकनच्या संत्र्यातून निघून तो एक जुना बाण अजून त्या ताटात जात होता. दादांना आता इतर कशाचं काही वाटेना. तो एक बाण तेवढा डोळ्यात खुपायचा. मी एवढा मोठा झालो, आणि तरी बाण कुणाकडे? तर ह्याच्याकडे!

अकरावा बाण त्यांनी लॉगिनकडून टोकनकडे काढला. कारण: ‘कारकून आधी नंबर बघतो, मग लॉगिन करतो.’

सॉफ्टवेअरने पहिल्यांदाच तोंड उघडलं. लाल चौकट आली. ‘टोकन आधीच लॉगिनवर अवलंबून आहे. दोघांचं एकमेकांवाचून अडू शकत नाही. यांतला एकच बाण ठेवा.’

दादा उठले, पाणी प्याले, खिडकीतून खालची वाहनं बघून आले. एकोणीस वर्षांचा माणूस होता. त्यांना नीट ठाऊक होतं, की यांतला खरा बाण कोणता. लॉगिन पडलं की टोकन अर्ध्या मिनिटात पडतं. टोकन पडलं तर लॉगिनला त्याचा पत्ताही लागत नाही. हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण झोपेत कुणी विचारत नव्हतं. त्यांनी खरा पुसला आणि खोटा ठेवला.

तीन दिवस वाट बघावी लागेल म्हणून ते फॉर्म बंद करणार, तेवढ्यात हिरवी खूण आली. मान्य. चार मिनिटांत.

‘न वाचताच दाबलं असणार गाढवाने,’ दादांना वाटलं, आणि त्यांच्या मनात साडूविषयी आठ वर्षांत पहिल्यांदा माया दाटून आली.

संध्याकाळी सासूबाईंना नवा फोटो गेला. यावेळी तो बायकोने टाकला. बदाम मात्र काढला नाही. “दिसतंय की नीट,” असं ती म्हणाली, आणि दादांना तेवढं पुरलं.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन चमत्कारिक गोष्टी झाल्या. एक म्हणजे दादांचा फोन वाजायला लागला. टोकन लाल व्हायचं, दादा धावायचे, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे, तोवर सगळं हिरवं. असं चारदा झालं. एकदा तर सासूबाई जेवायला आल्या होत्या तेव्हा. दादा ताटावरून उठून, खिडकीशी उभे राहून, शेजारच्या इमारतीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलले, “हो, मीच बोलतोय. सगळं माझ्यावरच आहे. येतो. नाही, दुसरं कुणी चालणार नाही.”

“फार काम पडतं हो तुम्हाला,” सासूबाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत नोकरीने दादांना याहून मोठा सन्मान दिला नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे साडू टवटवीत दिसायला लागला. वेळेवर घरी जायचा. दुपारी जेवून अंगणातल्या बाकावर ऊन खात बसायचा. भर कामाच्या वेळी केस कापून आला आणि शीळ घालत जिना चढला. दादांना त्याची शीळ झोंबली. वर्तुळ आपलं वाढलं आणि शीळ हा घालतोय, हे त्यांच्या हिशेबात बसेना.

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावरच्या बाई ‘क्रमांक एकशे अठरा’ एवढं बोलल्या आणि खिडकी कोणती ते न सांगताच गप्प झाल्या.

दालनात तीनशे माणसं हातात चिठ्ठ्या घेऊन बसली होती. खिडक्यांमागचे कारकून पासवर्ड टाकत होते आणि यंत्र त्यांना ओळख दाखवत नव्हतं. औषधांची कपाटं उघडेनात. दुसऱ्या मजल्यावर नकाशात टोकनचं वर्तुळ लालभडक झालं, आणि त्याच्या भोवतीची सगळी वर्तुळं करडी. लॉगिनसुद्धा करडं. आणि लॉगिनवर उभी असलेली बाकीची अठ्ठावीसही करडी. सगळ्या इमारतीत फोन एकच वाजत होता.

टोकनचं यंत्र जिन्याखालच्या कपाटात होतं. दादा पोचले तेव्हा श्वास वर गेला होता. त्यांनी यंत्र बंद केलं, सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली: ‘लॉगिनकडून उत्तर नाही. थांबलो आहे.’

ही दहा वाजून बावीस मिनिटांची गोष्ट. म्हणजे दुसऱ्या मिनिटाला दादांना सगळं कळलं होतं. आणि चौथ्या मिनिटाला त्यांच्या पाठीमागे मोठ्या बाई, नकाशेबाई आणि खुद्द वैद्यकीय प्रमुख येऊन उभे राहिले होते, जे एरवी जिन्याखाली फारसे दिसत नसत. दादांनी कोपर सहज टेकल्यासारखं त्या ओळीवर टेकवलं.

“टोकन सुरू करा, दादा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमचं सुरू झालं की सगळं होईल. नकाशात स्पष्ट दिसतंय.”

“करतोच आहे.”

“एवढं मोठं अवलंबून आहे याच्यावर?” वैद्यकीय प्रमुखांनी कपाटाकडे बघत विचारलं. कपाटात यंत्राशेजारी एक झाडू आणि जुने पडदे होते. “आणि हे जिन्याखाली ठेवलंय?”

हे वाक्य ऐकायला दादांनी महिनाभर जीव टाकला होता. आता ते कानावर पडलं, आणि त्यांना वाटलं, की जिन्याने जरा खाली सरकून आपल्याला झाकावं.

त्यांनी तीनदा यंत्र बंद-सुरू केलं. तीनदा कोपर टेकवलं. तेवढ्यात गर्दीतून एक बारीक अंगाच्या आजी पुढे आल्या आणि त्यांनी चिठ्ठी दादांच्या नाकासमोर धरली.

“एकशे एकोणीस,” त्या म्हणाल्या. “माझाच पुढचा आहे. रक्त द्यायचंय. काल रात्रीपासून पोटात काही नाही. दिल्याशिवाय खाऊ नको म्हणालेत.”

“होईल, आजी. बसा.”

“बसलेच होते. बसूनच आता गरगरतंय.”

नकाशेबाई हातातल्या संगणकावर काहीतरी बघत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. “विचित्र आहे,” त्या पुटपुटल्या. “टोकनकडे एवढे बाण मी काढल्याचं आठवत नाही.”

मोठ्या बाईंना आठवणीत रस नव्हता. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. “एक करू,” त्या म्हणाल्या. “टोकनवर अवलंबून असलेल्या अकराच्या अकरा सेवा बंद करू आणि क्रमाने चालू करू. रक्ततपासणीपासून सुरुवात. सांगा त्यांना, यंत्रं बंद करा म्हणावं.”

“पण त्यांत सकाळचे नमुने आहेत,” नकाशेबाई म्हणाल्या. “मध्येच बंद केली तर वाया जातील. सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल.”

“दुसरा इलाज आहे का कुणाकडे?”

आजी जिन्याच्या पायरीवर टेकल्या होत्या. चिठ्ठी अजून हातात, वर धरलेली. मोठ्या बाईंनी फोन कानाला लावला.

दादांनी कोपर काढलं.

“बाई, थांबा,” ते म्हणाले. “बाण उलटा आहे.”

“कोणता बाण?”

“लॉगिनचा. आमचं त्याच्यावाचून अडतं. त्याचं आमच्यावाचून नाही. ही बघा ओळ.” मग यंत्राकडे बघतच ते म्हणाले, “बाकीचे दहाही जरा ओढूनताणूनच आहेत.”

“कुणी काढले?”

“मी.”

वर कुणीतरी सांडलेल्या गोळ्या टपटप पायऱ्या उतरत होत्या. वैद्यकीय प्रमुखांनी दादांकडे पाहिलं, मग झाडूकडे पाहिलं, आणि निघून गेले.

साडूला अंगणातल्या बाकावरून उठवून आणलं. त्याचा फोन वाजला नव्हता. त्याची सेवा करडी होती, आणि करड्यांना त्रास द्यायचा नाही असा नियमच होता. त्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन बघितलं, तर लॉगिनच्या यंत्राची साठवणीची जागा जुन्या नोंदींनी तुडुंब भरली होती. गेला आठवडाभर ते मधूनमधून धापा टाकत होतं. तेच ते चार वेळचे फोन. त्याने जागा मोकळी केली. चार मिनिटं लागली.

“क्रमांक एकशे एकोणीस, खिडकी एक,” पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. एकशे अठराचं काय झालं ते त्यांनीही विचारलं नाही.

दुपारी मोठ्या बाईंनी दोघा साडूंना खोलीत बोलावलं. नकाशेबाई सगळ्या बाणांची नोंद उघडून बसल्या होत्या.

“अकरा बाण,” त्या म्हणाल्या. “दहा आपोआप मान्य झाले. तीन दिवसांत कुणाचीही हरकत नाही. अकरावा मात्र हाताने मान्य केलेला आहे. चार मिनिटांत.”

मोठ्या बाई साडूकडे वळल्या. “वाचला होतात तुम्ही?”

“वाचला ना.”

“कारकून आधी नंबर बघतो, मग लॉगिन करतो. हे पटलं तुम्हाला?”

“दादांनी लिहिलंय म्हटल्यावर...” साडूने मान खाली घातली. “मोठे आहेत. मलाही त्यांनीच इथे लावलंय. त्यांना नाही कसं म्हणणार?”

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. साडूच्या मानेमागचे केस अगदी नेटके कापलेले होते. ती शीळ, ते ऊन, तो बाक, सगळं दादांच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. ह्या लबाडाला पहिल्या वाचनातच कळलं होतं, की बाण उलटा झाला की लॉगिन कितीही पडलं तरी फोन दादांचा वाजणार. मी वर्तुळ घेतलं आणि ह्याने दुपारची झोप घेतली! आणि वर नम्रपणाही ह्याचाच! दादांच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की आपण इथे आरोपी आहोत हे ते क्षणभर विसरले.

मोठ्या बाईंनी नोंद आपल्याकडे ओढून घेतली.

“आतापर्यंत किती मेल गेलेत नकाशाबद्दल?” त्यांनी विचारलं.

“दोनशे सहा,” नकाशेबाई म्हणाल्या.

“आणि त्यांतला वाचला किती जणांनी?”

“एक मेल. एका माणसाने.”

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. “मग प्रश्नच मिटला. खुर्ची त्याला. निदान वाचतो तरी.” त्या साडूला म्हणाल्या, “उद्यापासून नियंत्रण कक्ष तुमच्याकडे. आणि नकाशावर काहीही लाल झालं, कुणाचंही, तरी पहिला फोन तुमचा वाजेल. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.”

साडूचा चेहरा त्या क्षणी करडा झाला. नकाशात असता तर कुणी त्याला त्रास दिला नसता.

“आणि दादा, तुम्ही टोकन बघा. तेवढंच. बाण मी पुसते आहे.”

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी सासूबाईंनी खुर्चीच्या सन्मानार्थ दोघा जावयांना जेवायला बोलावलं. धाकट्याला टेबलाच्या टोकाला बसवलं. भात अजून वाढला नव्हता तोच त्याचा फोन वाजला. उद्वाहन. तो उठला, आला, बसला. दोन घास झाले, दारांची कार्डं. मग क्ष-किरण. मेहुणी अभिमानाने सांगत होती, “यांना एक मिनिट फुरसत नसते आता. काल अंघोळीतून बाहेर आले.”

“असायचंच,” सासूबाई म्हणाल्या. “मोठ्या माणसांचं असंच.” आणि मोठ्या जावयाच्या ताटाकडे बघून दयाळूपणे म्हणाल्या, “तुम्ही घ्या हो सावकाश. तुम्हाला काय घाई?”

दादांनी सावकाश घेतलं. आठवडाभर त्यांचा फोन वाजला नव्हता. टोकन कसं सुरळीत चाललं होतं, पडद्यावरच्या बाई खिडकीसकट बोलत होत्या. बोळातलं वर्तुळ पुन्हा वाटाण्याएवढं झालं होतं. दादांनी खिशातून फोन काढला आणि ताटाशेजारी उताणा ठेवला.

“काय बघताय?” बायकोने विचारलं.

“कुठे काय. बॅटरी.”

साडू सहाव्यांदा उठला आणि सहाव्यांदा परत आला. त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं, केसही वाढले होते. त्याने थंड झालेल्या जेवणाकडे पाहिलं, मग दादांच्या फोनकडे पाहिलं. तो मुका, गुळगुळीत फोन तो अशा नजरेने बघत होता, की दादांनी त्याच्यावर हात ठेवला.

“दादा,” साडू खुर्ची जवळ ओढून, बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, “तुमचं बरं आहे.”

या वेळी ‘बरं’वर जोर नव्हता. तो सगळ्या वाक्यावर होता.

“तुझंही काही वाईट नाही,” दादा म्हणाले.

“एक विचारू? रागावणार नाही ना?” साडूने मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. “एखाददुसरा बाण घेता का? मी लिहितो कारण. कुणी वाचत नाही. वाचणारा मीच आहे.”

दादांना नाही म्हणायचं होतं. आजी, कोपर, झाडू, सगळं त्यांना आठवलं. ‘नाही’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण टेबलापलीकडे सासूबाई धाकट्याच्या ताटात पुन्हा भात वाढत होत्या, आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, की मोठ्याचं ताट रिकामं झालं आहे.

“कोणता?” दादांनी विचारलं.